डायकास्ट लढाऊ विमानांचा संग्रह (ठाणे व नवी मुंबई)

युद्धात उतरलेल्या विमानांच्या प्रमाणबद्ध धातुप्रतिकृती जमवण्याचा छंद. जस्ताचा वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून विमानाचे अंग ओततात. प्रोपेलर, कॉकपिटची काच असे नाजूक भाग प्लास्टिकचे. सुट्या भागांचे प्लास्टिक किट घेतले तर ते घरी जोडून रंगवावे लागते. डायकास्ट विमान रंगवलेलेच हाती येते. त्यामुळे इथे कस लागतो तो नजरेचा.

रूढ प्रमाण 1:72. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे 72 इंच, ते इथे एका इंचात बसतात. 12.19 मीटर पंखविस्ताराचे हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान, 17 सेंटीमीटरांत मावते. 1:48 मध्ये तेच 25 सेंटीमीटर होते, आणि वाशी-नेरुळच्या फ्लॅटमधले शोकेस दहा-बारा विमानांत भरून जाते.

चांगली प्रतिकृती एका विशिष्ट विमानाची असते: ठरावीक स्क्वाड्रन, ठरावीक मोहीम. भारतीयांना जवळचे उदाहरण हरिकेनचेच. 1944 मध्ये जपान्यांविरुद्धच्या इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाची क्रमांक 1 स्क्वाड्रन हीच विमाने उडवत होती. हरिकेनच्या मागच्या धडावर कापड ताणलेले असे, त्याखालच्या लाकडी पट्ट्यांचे उंचवटे बाहेरून दिसत. चांगल्या प्रतिकृतीत ते बोटाला लागतात. धड गुळगुळीत असेल तर साचा निष्काळजीपणे केला, असे खुशाल समजावे. दुसरी खूण पंखांवरच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळाची. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून या ब्रह्मदेश आघाडीवर दोस्त राष्ट्रांच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता. ब्रह्मदेशातल्या 1944 च्या हरिकेनवर लाल ठिपका दिसला, की ती प्रत चुकलेली.

बहुतेक माल परदेशातून येतो. 2020 मध्ये खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले, आणि प्रौढांच्या या प्रतिकृतीही त्याच वर्गात मोडतात. हे अन्यायकारक आहे.

खाडीकाठच्या दमट हवेत जपणूक हाच खरा प्रश्न. मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला असेल तर जस्ताला ‘कीड’ लागते: आधी रंगाला फुगवटा, मग भेगा, शेवटी पंख हातात तुटून येतो. दमटपणाने ती झपाट्याने पसरते आणि तिच्यावर इलाज नाही. म्हणून काचेचे कपाट बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला लावू नये. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळाभर त्या बदलत राहावे. धूळ मऊ ब्रशने, नाकाकडून शेपटीकडे झटकावी. उलट झटकल्यास नाजूक भाग अडकू शकतात.