एक पट्टी कमी

बांबूच्या पट्ट्यांची सपाट चटई कशी विणतात, ते पाहिलं की कळतं. पण तीच वीण हळूहळू वळत जाऊन तिची फुलदाणी होते, तेव्हा ती गोलाई येते कुठून?

जपानमधल्या बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात बुरूडकामाच्या कित्येक पिढ्या झाल्या. आंघोळीला येणाऱ्या पाहुण्यांना टोपल्या विकता विकता इथलं काम इतकं नाजूक झालं, की 1967 मध्ये इथल्या शोनो शोउन्साई यांना जपानने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. बांबूकामातला हा पहिलाच.

बांबू म्हणजे शेवटी गवत. त्याचे तंतू उभे धावतात, म्हणून पातं एकदा शिरलं की सरळ चिरत जातं. तंतूंची दाटी सालीकडे. आतला भाग भुसभुशीत. कारागीर तो तासून टाकतो. पट्टीची जाडी निम्मी झाली की ती वाकवायला लागणारा जोर आठव्या हिश्श्यावर येतो! कामाचा निम्मा वेळ या तासण्यातच जात असेल, तर नवल नाही.

आता वीण. बेप्पूत ‘मुत्सुमे’, म्हणजे ‘सहा डोळे’, नावाची वीण आहे. पट्ट्या तीन दिशांनी जातात आणि मध्ये षटकोनी भोकं राहतात. आपल्याकडे कोंबड्या झाकायच्या डालग्यातही ही वीण दिसते. उभी-आडवी वीण कोपऱ्यांत धरून ओढली, तर तिचे चौकोन कलंडतात. इथे मात्र षटकोनांच्या मध्ये त्रिकोण तयार होतात, आणि त्रिकोण कलंडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. कारागीर एखाद्या भोकाभोवती सहाऐवजी पाचच पट्ट्या ठेवतो. गोल कागदातून एक पाचर कापून कडा जुळवल्या की त्याची टोपी होते ना, तसंच इथे होतं. वीण आपोआप फुगते. उलट सात पट्ट्या घेतल्या, तर ती घोड्याच्या खोगिरासारखी मुरडते; सुरईचं पोट संपून गळा सुरू होतो तिथे हेच हवं असतं.

पूर्ण चेंडू हवा असेल, तर षटकोन कितीही असोत, पंचकोन बाराच लागतात. गणितज्ञ ऑयलरच्या, कोपरे, कडा आणि पृष्ठं यांची संख्या जोडणाऱ्या सूत्रातून हे सिद्ध करता येतं. आग्नेय आशियातल्या सेपाक टकराव या पायांनी खेळायच्या खेळाच्या वेताच्या चेंडूला बाराच भोकं असतात. जुन्या फुटबॉलवरचे काळे पंचकोनही मोजून पाहा.

अर्थात पंचकोनापाशी सगळा बाक एकवटतो आणि तिथे टोक येतं. 2021 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधक पेद्रो रेइस यांच्या गटाने, वीणकर अ‍ॅलिसन मार्टिन यांना सोबत घेऊन, यावर वेगळा मार्ग दाखवला. पट्ट्याच मुळात कोयरीसारख्या वळणदार कापल्या, तर गोलाई सगळीकडे सारखी पसरते. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना हे जमतं. बांबूची पट्टी तशी वळणदार कापायची, तर सरळ धावणारे तंतूच मध्ये तुटतात.