ब्रेक सैल झालाय का लायनर संपलेत, आधी एवढं बघा

परवा कासवरनं खाली येताना यवतेश्वरच्या घाटात पुढच्या दुचाकीचा मागचा ब्रेक लागला की खर्रर्र आवाज यायचा, लोखंडाला लोखंड घासल्यासारखा, आणि मागे बायको लहान पोराला घेऊन बसलेली. हात करून थांबवलं तर म्हणाला, "आठ दिवसापूर्वीच टाईट करून घेतलाय ओ दादा." घोळ इथंच होतो. ब्रेक सैल होणं वेगळं आणि लायनर संपणं वेगळं, पण पायाला दोन्ही सारखंच लागतं, पॅडल खाली खाली जातं, म्हणून माणसं दोन्हीला एकच औषध करतात, नट आवळायचा.

मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात, त्यावर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, चिकटवलेलं. पॅडल दाबलं की मागं गेलेला लांब रॉड ड्रमवरची छोटी दांडी ओढतो, दांडीनं आतला कॅम, म्हणजे शू फाकवणारा तुकडा, फिरतो आणि शू फाकून ड्रमला लागतात. लायनर रोजच झिजतं, मग शूला जास्त लांब जायला लागतं. जाडी शिल्लक असेल तर त्याला ब्रेक सैल म्हणायचं. रॉडच्या मागच्या टोकाचा नट थोडा फिरवून पॅडलची मोकळी चाल 20 ते 30 मिलिमीटरवर आणली, म्हणजे एक-दीड बोट, की काम झालं. फक्त नटाची खाच दांडीच्या पिनवर नीट बसली पाहिजे, आणि गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवून बघा, घासत असेल तर जास्त आवळलंय.

लायनर संपलंय हे नट सांगत नाही, बाण सांगतो. ब्रेकची दांडी जिथं ड्रमच्या झाकणात शिरते तिथं बऱ्याच गाड्यांना छोटा बाण असतो आणि झाकणावर एक खूण. चिखल पुसा, दुसऱ्याला पॅडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि बघा, बाण खुणेला भिडला किंवा पुढं गेला तर नटाला हात लावू नका, शू बदला. दाबल्यावर दांडी आणि रॉडमधला कोन काटकोनाच्या पुढं जात असेल तरी तेच समजायचं, कारण तिथनं पुढं तुम्ही कितीही जोर लावा, तो शूपर्यंत नीट पोचतच नाही.

आमच्या आप्पांच्या गाडीचा नट आवळत आवळत आट्यांच्या शेवटाला गेलेला. ड्रम उघडला तर एका शूचं लायनर कागदाएवढं, टोकाला तर शूचं अ‍ॅल्युमिनियमच उघडं पडलेलं आणि ड्रमला आतनं नखाला लागतील असे चरे. शूचा जोड स्वस्तात येतो, पण दुचाकीचा ड्रम हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच असतो, तो गेला तर खर्च मोठा. आणि पैशापेक्षा भीती याची की लायनर इतकं झिजल्यावर कॅम जास्त फिरून अडकू शकतो आणि चालत्या गाडीचं चाक जाम होतं.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना बहुतेक सीबीएस आलंय, मागचं पॅडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळं मागचं लायनर गेलं तरी गाडी थांबतीय असं वाटतं. अशा गाडीचा बाण तर मुद्दाम बघा.

पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक कमी धरतो, पण हळू चालवत दोन-चारदा हलका दाबला की वाळून परत लागतो. घाटात ड्रम तापूनही ब्रेक ढिला पडतो, थांबून गार होऊ दिलं की परत येतो, तिथंही नट आवळू नका, कारण सैल काही झालेलंच नसतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरतात ते तर बंदच करा, गाडी दुसऱ्या गियरवर ठेवली की निम्मं काम इंजिन करतं.

नवीन शू टाकले की आवळलेला नट मागं घ्यायलाच लागतो, आणि सुरवातीला ते ड्रमला पूर्ण बसलेले नसतात, म्हणून त्याच दिवशी घाटात जाऊ नका. जुन्या लायनरची धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

त्या भावाला तिथंच खाली बसून बाण दाखवला, खुणेच्या पार पुढं गेलेला. बायको-पोराला मी माझ्या गाडीवर घेतलं आणि तो मोकळ्या गाडीनं, दुसऱ्या गियरवर, पुढचा ब्रेक हळूहळू धरत माझ्या मागं समर्थ मंदिरापर्यंत उतरला.