पार्श्वभूमी : मुंबईचे सॉलिसिटर आणि १९७६ची दुरुस्ती

सॉलिसिटर म्हणजे अशिलाचे कागद तयार करून कोर्टात बोलणाऱ्या वकिलाकडे प्रकरण नेणारा वकील. तो व्हायला निघालेल्यांचा पहिला घोळ नावापाशीच होतो. १८६२मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं तेव्हा त्याच्या स्थापनेच्या सनदेत ॲडव्होकेट, वकील आणि ॲटर्नी हे तीनच शब्द होते. सॉलिसिटर हा इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयातला शब्द. १८७५पासून तिथले ॲटर्नीही सॉलिसिटर झाले आणि मुंबईत तो शब्द तोंडी बसला. आपल्या कायद्यात मात्र शेवटपर्यंत ॲटर्नीच राहिला. मुखत्यारपत्राशी (पॉवर ऑफ ॲटर्नी) त्याचा संबंध नाही. सॉलिसिटर जनरल हेसुद्धा सरकारची बाजू कोर्टात मांडणारे वकीलच.

खरा वाद १९७६च्या दुरुस्तीचा. तोवर ओरिजिनल साइडला, म्हणजे उच्च न्यायालयातच पहिल्यांदा दाखल होणाऱ्या दाव्यांत, पक्षकाराला थेट कौन्सेल (कोर्टात युक्तिवाद करणारा वकील) गाठता येत नसे. आधी सॉलिसिटर, मग त्याच्यामार्फत कौन्सेल. १९६१च्या ॲडव्होकेट्स कायद्याने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला, तरी मुंबई-कोलकात्याची ही दुहेरी पद्धत टिकली होती. १९७६मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी १९७७पासून ती पद्धत गेली. दोघांची फी भरावी लागते, ही पक्षकारांची तक्रार रास्तच होती. पण कामंही दोन होती, हे त्या वादात फार कमी बोललं गेलं. पत्रव्यवहार तारखेवार लावायचा, अशिलाला खोदून विचारायचं, नडणारा कागद आधीच शोधायचा, हे ज्याला कोर्टात उभं राहायचं नाही तोच निवांतपणे करू शकतो. म्हणूनच सक्ती उठली तरी मोठ्या दाव्यांत कौन्सेलकडे ब्रीफ (प्रकरणाचे कागद) आजही सॉलिसिटरांच्या फर्ममार्फतच जातं.

आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) आणि सॉलिसिटरची परीक्षाही चालू राहिली. पास होऊन कायद्याने नवा हक्क मिळत नाही, पण फर्ममध्ये तिला वजन आहे. त्यातही मालमत्तेच्या कामात. पुनर्विकासाचं प्रकरण आलं की इंडेक्स टूचा (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या सूचीचा) तीस-तीस वर्षांचा सर्च, प्रॉपर्टी कार्ड, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आलेल्या हरकती, आणि मग टायटल सर्टिफिकेट, म्हणजे मालकी निर्वेध असल्याचा दाखला. जुन्या खरेदीखतावर एका वारसाची सही नसली तर सगळं तिथंच अडतं.

१९९१नंतर विलीनीकरण, शेअर विक्री, परकीय गुंतवणुकीचे करार ही कामं वाढली आणि फर्मही फुगल्या. वकिलीची सनद ॲडव्होकेटचीच असल्यामुळे स्वतः युक्तिवाद करायलाही आता आडकाठी नाही. बँका आणि कंपन्यांचे विधी विभागही ही परीक्षा पास झालेल्या मुलांना घेतात, मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवून सनद स्थगित ठेवावी लागते. हे मुलाखतीआधीच विचारात घ्यावं.