चांदीपुरा: आपल्याच मातीतला विषाणू

पावसाळा लागला की नागपुरात तापाचे रुग्ण चहूबाजूंनी येतात, भंडारा-गडचिरोलीपासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे. "लेकराले झटके येऊन राहिले" असं म्हणत कुणी आत शिरलं की माझ्या डोक्यात तीन नावं येतात: डोक्यात चढलेला मलेरिया, जपानी मेंदूज्वर आणि चांदीपुरा. तिसरं नाव ऐकून शिकाऊ डॉक्टर विचारतात, हे कुठलं? इथलंच. नागपूरजवळच्या खेड्याचं.

१९६५ साली या भागात डेंगू-चिकनगुनियाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा दोघांच्या नमुन्यांत भलताच विषाणू निघाला. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. घराणं रेबीजचं, पण रुग्णांना झाला होता साधा ताप. शोधायला गेले एक, सापडलं दुसरं. पुढची कित्येक वर्षं तापाच्या यादीत हे नाव फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मग २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, त्यातली १८३ दगावली. तपासात नाव निघालं चांदीपुराचं. २००७ मध्ये तो नागपूर विभागात, म्हणजे घरीच परतला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा दिसला.

त्याला पसरवते वाळूमाशी. डासाहून कितीतरी लहान, मच्छरदाणीच्या साध्या जाळीतूनही आत येणारी. मातीच्या भिंतींच्या फटी, गोठ्यातली ओल ही तिची जागा. लस नाही, नेमकं औषध नाही. काल अंगणात खेळणारं मूल आज बेशुद्ध, असा याचा वेग. आपल्या हातात एवढंच: झटके थांबवणं, मेंदूची सूज आवरणं, श्वास चालू ठेवणं. त्यामुळे गावातून निघायला रात्रभर उशीर झाला, तर इथलं व्हेंटिलेटर असून नसल्यासारखं.

पण सगळेच ताप असे हात बांधून ठेवत नाहीत, आणि माझी खरी चिडचिड तिथेच आहे. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा आजार डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी बरा होतो, वेळेत ओळखला तर. बऱ्याच जणांच्या अंगावर खूणही असते: विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, काखेत, जांघेत, कंबरेला. ती दिसायला रुग्णाचे कपडे बाजूला करावे लागतात. शंभर जणांची रांग असताना ते कोण करतं? सलाईन लावणं सोपं. रुग्णालाही तेच हवं असतं.

त्या वर्षी एकाची खपली मला करदोट्याखाली सापडली. तीन दवाखाने पालथे घालून आला होता, आणि दोन्ही हातांवर सुयांचे काळेनिळे डाग होते.