रश्श्यात पाणी अन् बायपासमधलं रक्त

परवा आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर मेसेज आला, "मामांची बायपास हाय, ६ बाटल्या रक्त पायजे, मशीन भरायला लागतंय." पोरं लगेच तयार झाली, ते झकासच, पण ते 'मशीन भरायला' माझ्या डोक्यातून जाईना. कारण मोठ्या माणसाच्या ऑपरेशनला हार्ट-लंग मशीनच्या (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्राच्या) नळ्या सहसा रक्तानं भरतच नाहीत, सलाईनसारख्या पाण्यानं भरतात, सव्वा ते दीड लिटर. आत हवा राहून चालत नाही ना.

आता पावणं वाढलं की तांबड्या रश्श्यात आपण तांब्याभर गरम पाणी ओततो, फोडी तेवढ्याच राहतात पण वाटीत कमी येतात, तसंच इथं होतं. ६० किलोचा माणूस, किलोमागं ७० मिली धरा, म्हणजे ४२०० मिली रक्त. हिमोग्लोबिन १३, म्हणजे दर १०० मिलीत १३ ग्रॅम, एकूण ५४६ ग्रॅम. त्यात १४०० मिली पाणी मिसळलं की तेच ५४६ ग्रॅम ५६०० मिलीत पसरतात, आकडा येतो पावणेदहा. एक थेंब न सांडता! अन् माणसाचं हिमोग्लोबिन मुळात १० च असेल तर थेट ७.५. म्हणून तर लहान चणीच्या, अ‍ॅनिमियावाल्या पेशंटला रक्त जास्त लागतं. यावर एक भारी युक्ती आहे, मशीन सुरू करताना पेशंटचंच रक्त नळ्यांत उलटं येऊ देतात अन् आतलं पाणी बाहेर काढून घेतात, ५०० मिली जरी निघालं तरी ७.५ चं ८.२ होतं.

आणि मशीनवर घेताना देतात त्या हेपारिनला सगळे 'रक्त पातळ करायचं इंजेक्शन' म्हणतात, ते रक्त पातळ करतच नाही, फक्त गोठू देत नाही. पातळ करतं ते हे पाणी.

मग आकडा पडला की लगेच बाटली लावायची का? २०१७ साली हार्टच्या ऑपरेशनच्या ५००० च्या आसपास पेशंटवरचा अभ्यास आला, हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले अन् ९.५ च्या खाली गेल्या गेल्या दिलेले, दोघांचे निकाल सारखेच.

मामांना शेवटी दोनच बाटल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी आयसीयूत बघितलं तर मशीनमधलं ते पाणी लघवीच्या पिशवीत उतरत होतं, नर्स दर तासाला मोजून लिहीत होती.