नातवंडाची भेट मागायची की ताबा?

मुलगा वारला, सून मुलाला घेऊन माहेरी गेली आणि फोनही उचलेनाशी झाली, की आजी-आजोबा वकील गाठतात आणि थेट ताब्याचा अर्ज टाकून बसतात. हवी असते आठवड्याला दोन तासांची भेट. अर्जात मागितलेलं असतं अख्खं मूल. मग वर्षानुवर्षं तारखा पडत राहतात आणि तोवर नातू आजीला ओळखेनासा होतो.

ताबा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको: मूल कुणाकडे राहणार, त्याची शाळा-दवाखाना कोण बघणार. भेटीत मूल आहे तिथंच राहतं, ठरल्या वेळी तुमच्याकडे येतं आणि परत जातं.

गाडी अडते ती काय सिद्ध करायचं यावर. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १९ नुसार आई किंवा वडील हयात असतील आणि न्यायालयाला ते अपात्र वाटत नसतील, तर तिसऱ्या माणसाला मुलाचा पालक नेमता येत नाही. म्हणजे ताबा हवा तर सून आई म्हणून कशी नालायक आहे, हे शपथेवर लिहावं लागतं. तिच्या नोकरीपासून चारित्र्यापर्यंत सगळं त्या कागदावर येतं. आणि उद्या भेटीसाठी मुलाला तयार करून पाठवायचं असतं ते तिलाच! शिवाय एकदा ताबा मागितला, की ‘हे लोक मूल परत पाठवणार नाहीत’ ही तिची भीती न्यायाधीशांनाही रास्त वाटू लागते.

भेटीच्या अर्जात सुनेविरुद्ध एक ओळही लागत नाही. दाखवायच्या दोनच गोष्टी: तुमचं आणि मुलाचं नातं आधीपासून होतं, आणि ते टिकण्यात मुलाचं हित आहे. एकत्र राहत होतात त्याचा पुरावा, शाळेत ने-आण करणाऱ्यांच्या यादीतलं तुमचं नाव, डॉक्टरांकडे नेल्याचे कागद, जुने फोटो. एवढ्यावर अर्ज उभा राहतो. नातवंडाला भेटण्याचा हक्क आजी-आजोबांना नावानिशी देणारं कलम आपल्याकडे नाही. मुलाचं हित पाहून न्यायालय भेट देतं. म्हणून ‘आमचं रक्त आहे’ हा मुद्दा अर्जात नकोच.

२०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऊठसूट पुढे केला जातो: कोविडमध्ये पोरक्या झालेल्या मुलाचा ताबा वडिलांच्या आई-वडिलांना मिळाला. तिथं आई आणि वडील दोघंही हयात नव्हते, वाद मावशीशी होता. आई जिवंत असताना तो निकाल कामाचा नाही.

ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदाही इथं उपयोगी नाही. तो तुमच्या निर्वाहासाठी आणि मालमत्तेच्या संरक्षणासाठी आहे.

अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. मागणी मात्र नेमकी लिहा. ‘वेळोवेळी भेटू द्यावे’ असा आदेश मिळून उपयोग शून्य, कारण तो मोडला हेच दाखवता येत नाही. असं मागा: ‘पहिल्या व तिसऱ्या शनिवारी दुपारी ३ ते ६, न्यायालयातील मुलांच्या खोलीत, चार भेटींनंतर अर्जदारांच्या घरी, आजारपण वा परीक्षेमुळे भेट चुकल्यास पुढच्या शनिवारी, दर बुधवारी सायंकाळी ७ वाजता १५ मिनिटं व्हिडिओ कॉल.’ अंतिम निकालाची वाट न पाहता अंतरिम भेटीचा अर्ज सोबतच द्या. भेटीत मुलाच्या आईबद्दल वाईट बोलू नका. मूल ते समुपदेशकांना सांगतं आणि भेटी कमी होतात.

मुलगा हयात असेल आणि घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर वेगळा अर्ज करण्याआधी त्याच्याच भेटीच्या अर्जात ‘भेटीच्या वेळी आजी-आजोबा उपस्थित राहू शकतील’ हे वाक्य घालून घ्या. पुष्कळ घरांत तेवढ्यानं काम होतं.