रामाचं ‘अँटिक’ नाणं कंपनीचं नाही

एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘वन आना’ आणि साल १८१८. ‘अँटिक आहे, लाखोंना जातं’ म्हणत या नाण्याचे फोटो वर्षानुवर्षं फिरताहेत. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही.

१८१८ मध्ये कंपनीच्या रुपयावर फारसी मजकूर असे आणि नाव बहुतेक ठिकाणी मुघल बादशहा शाह आलमचं, तोही १८०६ मध्येच वारलेला. सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी आली १८३५ पासून. एक आण्याचं नाणं तर ब्रिटिश हिंदुस्थानात थेट १९०७ मध्ये चलनात आलं. तोवर कंपनीच उरली नव्हती! ही नाणी म्हणजे पूजेच्या टंका, म्हणजे चलनात नसलेली, पूजेसाठी बनवलेली नाण्यासारखी पदकं. देव्हाऱ्यात जरूर ठेवा, श्रद्धेचं मोल वेगळंच.

आणि जुनं दिसलं की अँटिक, हेही खरं नव्हे. १९७२ च्या कायद्यानुसार पुराणवस्तू ठरायला किमान १०० वर्षं लागतात, मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ७५. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. पण शंभरी भरली म्हणून भावही चढतो असं नाही. १८३५ चा कंपनीचा पाव आणा अस्सल असूनही स्वस्तात मिळतो, कारण तो ढिगाने पाडला होता.

‘गिऱ्हाईक तयार आहे, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला, तर कृपया एक रुपयाही पाठवू नका.